२१४७४८३६४७ मूळ आहे का? तपासताना या चुका टाळा

२१४७४८३६४७ म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ही संख्या मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरनं १७७२ साली कळवलं, तेही हातानं आकडेमोड करून. आपण तेच लॅपटॉपवर करायला बसतो आणि भलतंच उत्तर काढतो.

पहिली गफलत साधी आहे. घातांक ३१ मूळ, म्हणून संख्याही मूळ, असं धरून चालायचं. घातांक ११ घेऊन बघा: २०४७ = २३ × ८९. घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्यानं भागत नाही.

तसंच, २ पासून खुद्द संख्येपर्यंत भागत सुटू नका. वर्गमूळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंत पुरे. ऑयलरनं तर तेवढंही केलं नाही. मूळ विभाजक असलाच तर २४८ नं भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ६३ च येणार, हे हेरून त्यानं मोजक्याच संख्या तपासल्या.

आता माझी अर्धी दुपार खाल्लेली चूक. जावामध्ये लूपची अट लिहिली होती: भाजक × भाजक <= संख्या. दोन्ही इंट, म्हणजे ३२ बिटांचे पूर्णांक. भाजक ४६३४१ झाला की वर्ग येतो २१४७४८८२८१, आणि इंटमध्ये मावणारी सर्वांत मोठी किंमत आहे २१४७४८३६४७. नेमकी आपलीच संख्या! वर्ग उतू जाऊन −२१४७४७९०१५ होतो, अट खरीच राहते. पुढेही खोटी होणार नाही, कारण या संख्येहून मोठं काही इंटमध्ये बसतच नाही. अखेर भाजक स्वतःच २१४७४८३६४७ होतो, बाकी शून्य येते आणि प्रोग्रॅम ऐटीत छापतो: संयुक्त संख्या. उपाय एका ओळीचा आहे. लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) वापरा, नाहीतर अट अशी फिरवा: भाजक <= संख्या / भाजक.

एक्सेलमध्ये तर १५ अंकांहून लांब संख्या तपासूच नका. २ चा ६१ वा घात वजा १, म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१, ही मूळ संख्या टाकली तर पहिले १५ अंक राहतात आणि शेवटी चार शून्यं लागतात. मग ती १० नं भागली जाणारच. पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो.

फर्माची कसोटी पाया २ घेऊन (२ चा ‘संख्या वजा १’ इतका घात संख्येनं भागून बाकी १ येते का, हे बघून) लावणाऱ्यांनीही जपावं. घातांक मूळ असेल, तर २ चा घात वजा १ अशी प्रत्येक संख्या, मूळ असो वा संयुक्त, ती पास होते. २०४७ सुद्धा. अशा संख्यांसाठी लुकास-लेहमर कसोटी लावा: ४ पासून सुरुवात, दरवेळी वर्ग करून २ वजा, मूळ संख्येनं भागून बाकी ठेवायची... चुकलो, तपासायच्या संख्येनं भागून. घातांकाहून दोन कमी इतक्या पायऱ्या. शेवटी शून्य उरलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. २०४७ ला नवव्या पायरीवर १७३६ उरतात. २१४७४८३६४७ ला एकोणतिसाव्या पायरीवर शून्य.