नर्सरी चालवताना या चुका टाळा: मूल का बिथरलं, हे आधी ड्युटीच्या तक्त्यात शोधा

एखादं मूल सतत रडतं, चावतं किंवा दिवसभर कोपरा धरून बसतं, अशी तक्रार संचालकांच्या टेबलावर आली की बोलणं दोनच वाटांनी जातं. मूल घरी लाडावलंय, ही एक. अमुक ताईला मुलं सांभाळता येत नाहीत, तिला ट्रेनिंगला पाठवू, ही दुसरी. दोन्ही वाटांनी संचालक अलगद सुटतात. पण कोणती ताई कोणत्या वेळी कुठे असेल, नवी मुलं एकदम किती येतील, जेवणाआधी किती वेळ रांगेत उभं राहायचं, संध्याकाळी कोणता गट कोणात मिसळायचा, हे सगळं ठरवतं कोण? खालच्या बहुतेक चुका वर्गात दिसतात, पण त्या होतात ऑफिसात.

रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यात जास्त काळ लपून राहते. पहिल्या आठवड्यात आकांत, दुसऱ्यात हुंदके, तिसऱ्यात शांतता. वहीत नोंद होते, ‘रुळलं’. ब्रिटनमधले मनोविश्लेषक जेम्स रॉबर्टसन यांनी आईवडिलांपासून दूर राहिलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण करून तीन टप्पे सांगितले होते: आधी विरोध, मग निराशा, मग अलिप्तपणा. तिसऱ्या टप्प्यातलं मूल वरवर छान दिसतं. हसतं, कोणाकडेही जातं आणि आई आली तरी फारसं वळून बघत नाही. ही निरीक्षणं दिवसरात्र इस्पितळात किंवा निवासी संस्थेत असलेल्या मुलांची होती, त्यामुळे संध्याकाळी घरी जाणाऱ्या मुलाला ती जशीच्या तशी लावू नयेत. तरी गप्प बसणं वेगळं आणि बरं वाटणं वेगळं, एवढं त्यातून कळतं. आनर्ट, गनर या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं. पाळणाघरात नव्याने आलेल्या सव्वा वर्षाच्या आसपासच्या मुलांचं रडणं-कुरकुरणं काही महिन्यांत कमी झालं होतं, पण कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, पाच महिन्यांनंतरही घरच्यापेक्षा थोडं वरच होतं.

मग रुळलं हे ओळखायचं कशावरून? मूल नीट खातंय का, झोप लागतेय का, खेळात बुडून जातंय का, ते बघा. आणि सगळ्यात बोलकी खूण: पडलं-लागलं तर ते कोणाकडे धावतं? लागलेलं असूनही दर वेळी कोणाकडेही न बघता मुकाट उठून चालू लागणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाचं ‘किती शहाणं’ म्हणून कौतुक होतं. माझ्या मते आठवड्याच्या बैठकीत त्याचं नाव पहिलं यायला हवं. उलट संध्याकाळी आईला बघताच भोकाड पसरणाऱ्या मुलाची चिंता फारशी नसावी. दिवसभर आवरून धरलेलं हक्काच्या माणसापाशी सुटतं. हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवा, म्हणजे दारात त्यांचा चेहरा पडत नाही.

सगळे प्रवेश एकाच सोमवारी

एका गटात एकाच दिवशी दहा नवी मुलं आणि तीन ताया, हे गणित कितीही प्रेमळ ताया असल्या तरी सुटत नाही. एक रडायला लागलं की बाकीची सुरू होतात आणि कोणालाच कडेवर पुरेसा वेळ मिळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मुलं घ्या. सुरुवातीचे काही दिवस पालक सोबत बसतील, मग काही मिनिटांसाठी बाहेर जातील, मग तास, मग अर्धा दिवस. साधारण आठ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत दूर होण्याची भीती जोरात असते. त्या वयात घाई आणखीच महाग पडते.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे ‘मूल खेळात रमलं की नजर चुकवून निघून जा’ हा पालकांना दिलेला सल्ला. त्याने सकाळचं रडणं वाचतं, हे खरं. पण मूल एवढंच शिकतं की पाठ फिरवली की माणूस नाहीसा होतो, आणि मग ते पाठ फिरवतच नाही. निरोप छोटा असावा, सांगून घेतलेला असावा, रोज सारखा असावा. ‘जेवण आणि झोप झाली की मी येते’ हे मुलाला कळतं. ‘चार वाजता येते’ कळत नाही. आणि सांगितलं तसं यायला हवं. झोपेनंतर येते म्हणून सांगायचं आणि काळोख पडल्यावर यायचं, यापेक्षा खरी वेळ सांगितलेली बरी.

‘आमच्याकडे सगळ्या ताया सगळ्या मुलांच्या’

माहितीपत्रकात हे वाक्य फार छान वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यांचं असलेलं मूल बऱ्याचदा कोणाचंच नसतं.

जेम्स आणि त्यांच्या पत्नी जॉईस रॉबर्टसन यांनी १९६९ साली सतरा महिन्यांच्या एका मुलाची चित्रफीत प्रसिद्ध केली. आई बाळंतपणाला गेल्यामुळे तो नऊ दिवस निवासी नर्सरीत होता. तिथल्या परिचारिका वाईट मुळीच नव्हत्या. पण त्यांना मुलं वाटून दिलेली नव्हती, कामं वाटून दिलेली होती. तो एकीच्या जवळ जायचा, तिची कामाची पाळी संपायची. दुसरीकडे वळायचा, तिला दुसरं काम लागायचं. दिवसागणिक तो खचत गेला. आपला ड्युटीचा तक्ता काढून बघा: त्यात ‘जेवण – अमुक, झोप – तमुक, शी-शू – ही’ असं लिहिलंय, की मुलांची नावं लिहिली आहेत?

उपाय ठरावीक आहे आणि जुना आहे: प्रत्येक मुलाची एक ठरलेली ताई, आणि ती नसेल तेव्हाची दुसरी ठरलेली ताई. बालशिक्षणतज्ज्ञ एलिनॉर गोल्डश्मीड यांनी तो पाळणाघरांमध्ये रुजवला. इंग्लंडमध्ये आज प्रत्येक मुलामागे अशी एक व्यक्ती नेमणं नियमानेच बंधनकारक आहे. सकाळी मुलाला हातात घेणं, भरवणं, झोपवणं आणि कपडे बदलणं शक्यतो या ठरलेल्या ताईनेच करायचं. कपडे बदलणं हे मदतनीसाकडे ढकलण्याचं काम समजू नका. बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ पासून बुडापेस्टमध्ये चालवलेल्या बालगृहात हीच वेळ नात्याची मानली जायची. हात लावण्याआधी बाळाला सांगायचं, त्याची तयारी दिसेपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही. गर्दीच्या गटात मुलाला एकट्याने मिळणारी बरीचशी मिनिटं तीच असतात.

इथे संचालक हमखास एक शंका काढतात: मुलाने एकीलाच जीव लावला तर ती रजेवर गेल्यावर काय? त्रास होतो, हे मान्य. मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये चालवलेल्या नर्सरींत मुलांचे छोटे ‘कुटुंबगट’ करून प्रत्येक गटाला एक सांभाळणारी दिली, तेव्हा सुरुवातीला मुलं जास्तच बिथरली. हेवेदावे, चिकटणं, रडारड. नंतर ती शांत झाली आणि चांगली वाढू लागली. म्हणून नवी पद्धत सुरू केल्यावर पहिले काही आठवडे गोंधळ वाढला, तर ‘हे आपल्याला झेपत नाही’ म्हणून ती गुंडाळू नका. दबलेली गरज वर येत असते. ताई नोकरी सोडणार असेल तर मात्र मुलांना आधी सांगा, निरोप घेऊ द्या, आणि दुसऱ्या ठरलेल्या ताईकडे हळूहळू सोपवा. रातोरात गायब झालेल्या ताईबद्दल कोणी चकार शब्दही न काढणं हे मुलांसाठी जास्त अवघड असतं.

दिवसाचा शेवट वाऱ्यावर सोडणं

सगळी ताकद सकाळच्या तासांत ओतायची आणि दुपारनंतर उरल्यासुरल्या मनुष्यबळावर भागवायचं, ही जवळपास सगळीकडची पद्धत. घरी असलेल्या दिवशी मुलांचं कॉर्टिसॉल सकाळकडून दुपारकडे उतरत जातं. पूर्ण दिवस पाळणाघरात असलेल्या अनेक मुलांमध्ये, विशेषतः दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये, ते चढत गेलेलं अभ्यासांत आढळलं आहे. म्हणजे मुलं सर्वांत जास्त थकलेली असतात नेमकी तेव्हाच आपण पाळी बदलतो, गट एकत्र करतो, अनोळखी खोलीत नेतो आणि पसारा आवरायला घेतो. शेवटच्या दोन तासांसाठी एक तरी ओळखीचा चेहरा त्याच खोलीत राहील, असा तक्ता करा. मुलं कमी, आवाज कमी, मांडीवर बसायला जागा. त्या वेळी नवीन उपक्रम नको.

चावणाऱ्या मुलाला ‘चावरा’ ठरवणं

एक ते तीन वर्षांत चावणं खूप मुलांकडून होतं. शब्द तोकडे, दात नवे, गर्दी जास्त. नर्सरीत मात्र एकदा नाव पडलं की दर वेळी नजर त्याच मुलाकडे जाते आणि जे खरोखर शोधायला हवं ते राहून जातं.

दोन आठवडे नोंद ठेवा: किती वाजता, कुठे, त्याआधी काय चाललं होतं, जवळ कोणतं मोठं माणूस होतं. त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहू नका. बहुतेक वेळा त्यातला साचा आपोआप दिसतो. हात धुवायची रांग, एकच हवीहवीशी गाडी, जेवण यायला झालेला उशीर, मागून अंगावर येणारं दुसरं मूल. मग दुरुस्ती वेळापत्रकात करता येते. सगळ्यांना एकदम हात धुवायला न नेता तिघा-तिघांना न्या. आवडतं खेळणं एकच नको, दोन-तीन ठेवा. दोन वर्षांच्या मुलाकडून वाटून खेळण्याची अपेक्षा हा मोठ्यांचा भाबडेपणा आहे. घटना घडलीच तर आधी लागलेल्या मुलाकडे जा. मग चावणाऱ्याच्या उंचीला बसून थोडक्यात, ठाम आवाजात: ‘चावलं की दुखतं. मी चावू देणार नाही. गाडी हवी होती ना? असं हात पुढे करून माग.’ ‘सॉरी म्हण’चा आग्रह नको. शब्द तोंडातून निघतो, मन जिथल्या तिथेच राहतं. चावणाऱ्याचं नाव दुसऱ्या पालकांना कधीही सांगायचं नाही, हे लेखी धोरणातच असू द्या. नाहीतर दारात उभी असलेली ताई दबावाखाली सांगून टाकते.

भावनांचा तक्ता भिंतीवर, ‘रडू नकोस’ ओठांवर

हसरा-रडका चेहरा दाखवून आठवड्यातून एकदा भावना ‘शिकवणं’ वाईट नाही. फक्त त्याचा उपयोग मर्यादित. मूल भावना ओळखायला शिकतं ते ती अंगात उसळलेली असताना कोणी जवळ बसून नाव दिलं तर. ‘मनोरा पडला, राग आला.’ एवढंच, आणि मग थोडी शांतता. खूप बोलणं नको, भडकलेल्या मुलाच्या कानात व्याख्यान शिरत नाही. स्वतःला एकट्याने शांत करणं या वयात जमत नाही; आधी मोठ्याच्या शांतपणाचा आधार लागतो. म्हणूनच ‘शांत कोपरा’ हा ‘जा तिकडे बस’ म्हणून पाठवायचा कोपरा झाला की त्याचा शिक्षाकोपरा झाला, मग तिथे कितीही मऊ उशा ठेवा.

न रडल्याबद्दल स्टिकर देण्याची पद्धतही बंद करा. त्यात मूल भावना लपवायला शिकतं. बक्षिसांची एक वेगळी गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे: १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी नर्सरीतल्या मुलांना चित्रं काढण्यासाठी आधी कबूल करून बक्षीस दिलं, नंतर मोकळ्या वेळेत हीच मुलं, बक्षीस न मिळालेल्या मुलांपेक्षा, चित्रांकडे कमी वळली.

तायांनी शांत राहावं, पण त्यांना पाणी प्यायलाही वेळ नाही

आतून वैतागलेलं असताना चेहरा प्रसन्न ठेवणं हे श्रम आहेत. समाजशास्त्रज्ञ आर्ली होक्शील्ड यांनी १९८३ मध्ये त्याला भावनिक श्रम असं नाव दिलं. ते पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाहीत, आणि संचालकांना बहुधा वर्गातही दिसत नाहीत. तीन मुलं एकदम रडत असताना ताईचा आवाज चढला, तर तिला नोटीस देण्याआधी ती सलग किती तास खोलीत होती ते बघा.

करता येण्याजोगं थोडंच आहे, पण ते नेमाने करावं लागतं. सुटीची मिनिटं तक्त्यात लिहा आणि त्या वेळी बदली म्हणून कोण हेही लिहा. ‘जमेल तेव्हा जा’ म्हणजे कधीच नाही. ‘मला दोन मिनिटं बाहेर जायचंय’ असं ताई सहकारी ताईला न लाजता म्हणू शकेल, हे बैठकीत उघड ठरवा. महिन्यातून एकदा प्रत्येक ताईशी अर्धा तास बोला, ज्यात फाइल, उपस्थिती, तक्रारी यांतलं काही नसेल. कोणतं मूल जड जातंय, कोणाचा राग येतो, एवढंच. एखाद्या मुलाचा राग येतो हे ताईला बोलता आलं तर तो राग मुलाच्या अंगावर निघण्याची शक्यता कमी होते. आणि स्वतः रोज काही वेळ जमिनीवर मुलांमध्ये बसा. तपासणीसाठी आलात हे मुलांनाही कळतं.

दारातला निरोप

‘आज खूप त्रास दिला हो!’ हे वाक्य मूल आईचं बोट धरून ऐकत असतं. दारात दिवसातली एक खरी, छोटी गोष्ट सांगा. अडचणीचं बोलणं मुलाच्या माघारी, बसून, वेळ घेऊन. आणि फक्त सांगू नका, विचारा. घरात नवं बाळ, आजारपण, स्थलांतर, भांडणं यांतलं काही चाललं असेल तर वर्गातलं अर्धं कोडं तिथेच सुटतं.

‘होईल मोठं झाल्यावर’ म्हणून थांबणं

वरचं सगळं करूनही काही मुलांचा त्रास हटत नाही. अशा वेळी निदान करणं नर्सरीचं काम नाही, लेबल तर मुळीच लावू नये. पण काही खुणा दिसल्या की पालकांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगायला उशीर करू नका: येत असलेले शब्द किंवा कौशल्यं गमावणं, हाकेला प्रतिसाद न देणं, कित्येक आठवडे खाणं-झोप बिघडलेली असणं, कोणाच्याच जवळ न जाणं किंवा अनोळखी माणसाच्याही गळ्यात सहज पडणं. सांगताना दिनांकासह नोंदी समोर ठेवा, ‘आम्हाला असं वाटतं’ ऐवजी ‘आम्ही हे पाहिलं’ असं म्हणा.

अंगावर कारण न सांगता येणारे वण, एखाद्या विशिष्ट व्यक्तीला बघून थिजणं, किंवा वागण्यात अचानक पडलेला मोठा फरक दिसला, तर हा वेगळा प्रश्न आहे. मुलाकडून खोदून वदवून घेऊ नका. ते जे बोललं ते त्याच्याच शब्दांत, वेळेसकट लगेच लिहून ठेवा आणि बालसंरक्षणाच्या नियमांनुसार त्याच दिवशी कळवा. कोणी कळवायचं आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर तिच्या जागी कोण, ही दोन नावं प्रत्येक ताईला पाठ असायला हवीत.