ओव्हल मैदान: आधी ऊन बघा, मग इमारती

मुंबईत चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाभोवतीच्या इमारती बघायला निघालात तर आधी घड्याळ बघा. पूर्वेला व्हिक्टोरियन गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची दगडी शैली, पश्चिमेला आर्ट डेको, म्हणजे नंतरची साध्या, वळणदार रेषांची शैली, आणि मध्ये सुमारे २२ एकर मोकळं मैदान. दोन्ही रांगा मैदानाकडे तोंड करून उभ्या. म्हणजे डेकोवर ऊन सकाळी, गॉथिकवर दुपारनंतर.

पंचवीस वर्षं मी वसईहून चर्चगेटला उतरून हे मैदान आडवं कापत फोर्टात कामाला गेलो, एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन म्हणून. तरी भाचीला पहिल्यांदा आणलं ते सकाळी नऊला, आणि नेऊन उभं केलं थेट राजाबाई टॉवरसमोर. सूर्य टॉवरच्या मागे, मोबाइलमध्ये नुसता काळा ठोकळा. "मामा, दाखवताय काय नक्की?"

तेव्हा सकाळी पश्चिमेकडे बघा. महर्षी कर्वे रोडच्या फुटपाथवर इमारतीला चिकटून उभं राहू नका, बाल्कन्यांची पोटं तेवढी दिसतील. मैदानाच्या कुंपणापाशी या. या इमारती १९३० च्या दशकातल्या, आरसीसीच्या, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. म्हणूनच कोपऱ्यावरची बाल्कनी अशी लीलया वळते. दगडात ते परवडलं नसतं. एकच मजला निवडा आणि खिडकीवरचा छज्जा नीट पाहा. भुवईसारखा, कोपऱ्यावरून न तुटता पुढे गेलेला. शोभा आहेच, पण ऊन-पाऊस अडवणं हे त्याचं खरं काम. मग खाली या: फाटकाच्या जाळीत सूर्यकिरण किंवा कारंजं सापडतं का बघा, इमारतीच्या नावाची अक्षरं बघा. एकीचं नाव 'कोर्ट व्ह्यू'. मागे वळलात की कळतं का ते.

दुपारी जेवून चारच्या सुमाराला परत या. आता पाठ डेकोकडे. उत्तरेकडून दक्षिणेला चला: हायकोर्ट, विद्यापीठाचं ग्रंथालय आणि त्यावरचा राजाबाई टॉवर, दीक्षान्त सभागृह, शेवटी जुनं सचिवालय. १८६० च्या दशकात फोर्टचा तट पाडला, त्यानंतरची ही बांधकामं. हायकोर्ट पुरं झालं १८७८ ला. तेव्हा समोर डेको नव्हतं. मैदान, रेल्वे आणि पलीकडे समुद्र. ही तोंडं मुळात समुद्राकडे होती. पुढे बॅकबेत, म्हणजे त्या पश्चिमेकडच्या उपसागरात, भर घातली, समुद्र मागे हटला आणि त्या जागी फ्लॅट आले. हे मनात ठेवून पाहिलं की दोन रांगांचं नातं आपोआप लागतं.

टॉवरवर मात्र घाई नको. आराखडा इंग्लिश आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा, जो मुंबईत कधी आलाच नाही. पैसे मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. उंची २८० फूट. दुर्बीण असेल तर आणा, कारण वर पश्चिम भारतातल्या जाती-जमातींचे २४ पुतळे आहेत आणि नुसत्या डोळ्यांना पगडीसुद्धा धड दिसत नाही. हे पुतळे घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. स्कॉटचं नाव सगळ्यांना ठाऊक, यांचं कुणाला नाही. माझा त्यावर जुना राग आहे. वर चढायला सोडत नाहीत, त्यामुळे त्या आशेने येऊ नका.

मान वर करून चालताना चेंडूचं भान ठेवा. मैदानावर एका वेळी दहा-बारा सामने चालू असतात आणि "काका, बॉल!" ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो. मला दोनदा लागलाय, दोन्ही वेळा मी पुतळे मोजत होतो.

२०१८ साली या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच यादीत इरॉस थिएटरही आहे, १९३८ चं. ते शेवटी ठेवा, स्टेशनसमोरच आहे. लाल आग्रा दगड आणि क्रीम रंग, वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला मनोरा. दिवे लागले की रस्ता ओलांडा, समोर चर्चगेट. विरारची फास्ट मिळाली तर बसायला जागा मिळेलच असं नाही.