पासवर्ड बंद केला, तरी दार उघडेच

फोंडा परिसरातील जत्रांच्या उत्सवी नाटकांचे वेळापत्रक एका ठिकाणी मिळावे, म्हणून मी नोकरी सांभाळून एक छोटे संकेतस्थळ उभारत आहे. त्याच्या उबुंटू 22.04 (लिनक्स प्रणाली) सर्व्हरची लॉग फाइल, म्हणजे नोंदवही, एका रात्री उघडली, तेव्हा अनोळखी पत्त्यांवरून ‘रूट’ आणि ‘ॲडमिन’ या नावांनी पासवर्ड लावून पाहण्याचे प्रयत्न अखंड चाललेले दिसले. मी पासवर्डऐवजी ओळख पटवणारी डिजिटल किल्ली (‘की’) तयार केली, तिने प्रवेश होतो याची खात्री केली, एसएसएचच्या (दूरवरून सर्व्हरमध्ये शिरण्याच्या सेवेच्या) मुख्य कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’पुढे ‘नो’ लिहिले आणि सेवा पुन्हा सुरू केली. तरीही भावाच्या लॅपटॉपवरून जोडून पाहताच पासवर्ड विचारला गेलाच. सर्व्हरवर ही सेवा चालवणाऱ्या ‘एसएसएचडी’ प्रोग्रामला मोठ्या ‘टी’चा पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू असलेली मूल्ये पाहिली, तर तिथे ‘येस’ होते.

नंतरची ओळ आधीच्या ओळीला मागे सारते, हा माझा समज इथे चुकीचा होता. मुख्य फाइल आरंभीच जोड-फोल्डरमधल्या जादा सेटिंगच्या फाइली वाचते, आणि जे मूल्य प्रथम सापडते तेच एसएसएच धरून ठेवते. क्लाउड-इनिटने (नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) त्या फोल्डरातल्या 50 क्रमांकाच्या फाइलमध्ये ‘येस’ लिहून ठेवले होते. तेथे ‘नो’ केले, एक जोडणी जाणीवपूर्वक उघडी ठेवून सेवा पुन्हा सुरू केली, आणि भावाच्या लॅपटॉपवर ‘परमिशन डिनाइड’ (प्रवेश नाकारला) उमटले.