पांढऱ्या पट्ट्यांमागे: व्हर्जिनियातला माझा पहिला फॉल (पानगळीचा ऋतू)

"शनिवारी सातला निघतोय. गाडीत एक जागा आहे, येणार का?"

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात वर्ग सुरू होऊन पाचच दिवस झाले होते, तेव्हा आमच्या डिपार्टमेंटच्या नेपाळी सीनियरने मला हे विचारलं. मी नाही म्हणणार होते. दोन असाइनमेंट डोक्यावर होत्या, खोलीत गादी अजून जमिनीवरच होती आणि गाडीतल्या बाकी तिघांना मी ओळखतही नव्हते. तरी गेले. यंदा ऑगस्टमध्ये ब्लॅक्सबर्गला, म्हणजे विद्यापीठाच्या गावी, येणाऱ्यांना त्यामुळेच एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: "आधी अभ्यास मार्गी लागू दे, मग फिरू" असं ठरवू नका. अभ्यास मार्गी लागेपर्यंत झाडांवर पान उरलेलं नसतं, आणि ज्यांच्यासोबत फिरायचं त्यांचे गट तोवर बनून गेलेले असतात.

मी साताऱ्याची. अजिंक्यतारा लहानपणापासून पायाखालचा, इंजिनिअरिंगला असताना राजगड-तोरणा झालेला. त्यामुळे चढाची भीती नव्हती. पण सह्याद्रीची सवय इथे पुरत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. आपल्याकडे वाट चुकली तर गुराखी भेटतो, पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते, वर ताक विकणारी मावशी बसलेली असते. इथे पार्किंगमधून निघाल्यावर परत पार्किंगला येईपर्यंत पाणीसुद्धा विकत मिळत नाही. वाट विचारायला माणूस नाही, झाडांच्या बुंध्यांवर रंगवलेल्या पट्ट्या आहेत. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर जाणारी अ‍ॅपलाचियन ट्रेल ही पायवाट आमच्या गावाजवळून जाते. तिच्या पट्ट्या पांढऱ्या, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच. फाट्यांवरच्या जोडवाटांच्या निळ्या. एकावर एक दोन पट्ट्या दिसल्या की पुढे वळण आहे, लक्ष द्या. आणि बराच वेळ एकही पट्टी दिसली नाही तर पुढे रेटायचं नाही, शेवटची पट्टी जिथे पाहिली तिथे परत यायचं.

त्या पहिल्या शनिवारी गेलो कॅस्केड्सला. पेम्ब्रोकजवळ, लिटल स्टोनी क्रीकच्या काठाकाठाने जाताना साधारण सव्वातीन किलोमीटर, तेवढंच परत. शेवटी वीसेक मीटरचा धबधबा. नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी. वाट ओढ्याला धरून जाते, त्यामुळे चुकायची शक्यता फार कमी आणि बोलत चालता येतं. मी पाण्यात पाय सोडून बसले होते, तेव्हा सीनियरने सहज विचारलं, "ऑफिस अवर्सला गेलीस का?" म्हणजे प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवतात त्या वेळेला. गेले नव्हते. मला वाटायचं, काही अडलं तरच प्रोफेसरकडे जायचं. तो म्हणाला, न अडताही जा, नाहीतर थिसिससाठी गाइड शोधायची वेळ येईल तेव्हा तुला ओळखणारं कोणी नसेल. सोमवारी गेले. पुढे त्याच प्रोफेसरांकडे मी ओढ्यांतल्या गाळावर काम करायला लागले. हा सल्ला ओरिएंटेशनलाही दिला होता म्हणे. तिथे दोनशे जणांत बसून तो माझ्या कानात शिरला नव्हता.

आता गाडीचं. ब्लॅक्सबर्ग ट्रान्झिटच्या बस विद्यार्थ्यांना फुकट आहेत, त्यांनी क्लास, किराणा, ख्रिश्चनबर्गची मोठी दुकानं सगळं जमतं. पण डोंगराच्या पायथ्याला बस जात नाही. मग तीन मार्ग उरतात. पहिला, सीनियरची गाडी: पेट्रोलचे पैसे न मागता द्या आणि डबा जरा जास्तच भरून न्या. दुसरा, विद्यापीठाचं व्हेंचर आउट, जिथे सहलीही निघतात आणि तंबू-सॅक भाड्यानेही मिळतात. सप्टेंबरात डेकॅथलॉन आठवत बसून नवं सामान घेऊ नका. तिसरा, पायी निघण्याजोग्या वाटा. हकलबेरी ट्रेल गावातल्या सार्वजनिक वाचनालयापासूनच सुरू होते. ती जुन्या रेल्वेच्या मार्गावर बांधलेली डांबरी वाट आहे. त्या रेल्वेची गाडी इतकी सावकाश जायची की उतरून रानातली हकलबेरीची फळं तोडता येत, असं इथले लोक सांगतात. मिडटर्मच्या आठवड्यांत मी लांब कुठे गेले नाही, संध्याकाळी तासभर तिथेच चालले. आणि हो, निघण्याआधी अमेरिकन फुटबॉलचं वेळापत्रक पाहा. लेन स्टेडियममध्ये पासष्ट हजारांवर माणसं बसतात, म्हणजे गावाच्या वस्तीपेक्षा जास्त. घरच्या मैदानावर सामना असेल त्या दिवशी सकाळी लवकर निघणं सोपं, पण दुपारी परत गावात शिरणं महाकठीण.

कॅम्पसवर इमारती राखी-करड्या दगडाच्या आहेत, त्याला होकी स्टोन म्हणतात. मधोमध ड्रिलफील्ड नावाचं प्रचंड मैदान. माझी रोजची वाट त्याच्या कडेने. तिथे अर्धवर्तुळात ३२ दगड मांडलेले आहेत, १६ एप्रिल २००७ ला कॅम्पसवर झालेल्या गोळीबारात गेलेल्यांचे. त्यात आमच्याच डिपार्टमेंटमध्ये जलविज्ञान शिकवणारे प्रा. जी. व्ही. लोगनाथन आहेत, आणि मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगीही. आल्या आल्या एकदा तिथे शांतपणे उभं राहा. मी कुणाला न सांगता गेले होते. त्या मुलीच्या दगडापाशी कुणीतरी झेंडूसारखी केशरी फुलं ठेवली होती. त्या दिवसापासून हे विद्यापीठ मला परकं वाटलं नाही. याचं कारण मला नीट मांडता येत नाही, पण ते खरं आहे.

ऑक्टोबर आला आणि सगळं एकदम अंगावर आलं. नऊ क्रेडिटचा अभ्यास, आठवड्याचे वीस तास टीएशिप (प्रोफेसरांना शिकवण्यात मदत करायचं काम), मिडटर्म आणि त्याच वेळी डोंगर पेटल्यासारखे. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की पानांतलं हरितद्रव्य मोडत जातं, आणि त्याच्याखाली आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. हिकरी आणि ट्यूलिप पॉप्लर असे पिवळे होतात. लाल रंगाचं वेगळं आहे: तो पानात अडकलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. म्हणून दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी, पण दहिवर गोठण्याइतकी नाही, असा पंधरवडा मिळाला तर मेपल जास्त लाल होतात. रंग माथ्यावरून खाली उतरत येतो. आमच्या भागात ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा चुकवू नये, ओक मात्र उशिरा आणि तपकिरी. ऑक्टोबरात एका शुक्रवारची फॉल ब्रेक असते. ती झोपण्यात घालवू नका असं मी म्हणेन, पण त्याआधीच्या गुरुवारी रात्री पेपर तपासून संपवा. माझा नियम साधा होता: शनिवार-रविवारपैकी एकच दिवस डोंगराचा. दोन्ही दिवस गेले की सोमवारी त्याची किंमत चुकवावी लागते.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन सोमवारी, २४ ऑक्टोबरला होतं आणि मंगळवारी माझी मिडटर्म. शनिवारी आम्ही ड्रॅगन्स टूथला गेलो. जाऊन-येऊन आठ किलोमीटरच्या आसपास, पण शेवटचा टप्पा हातापायांनी चढायचा, काही ठिकाणी खडकात लोखंडी पायऱ्या ठोकलेल्या. वर क्वार्टझाइटचे उभे सुळके. माझ्या नाशिकच्या रूममेटने आदल्या रात्री बेसनाचे लाडू वळले होते, माझ्याकडे टॉर्टियाला तूप लावून त्यात शेंगदाण्याची चटणी. इथे पोळ्या लाटायला वेळ नसतो तेव्हा टॉर्टियाच कामाला येतात. सुळक्याखाली बसून सहा जणांनी ते खाल्लं, खाली सगळी दरी पिवळीधमक. लॅबमधल्या इराणी मित्राने लाडू हातात घेऊन विचारलं, हा सण कशाचा? सांगता सांगता मी घरच्या आठवणीने रडले. तो काही बोलला नाही. उतरताना त्याने सांगितलं की त्याचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे. एकदा बाहेर गेला तर परत येता येईल की नाही याची खात्री नाही, म्हणून चार वर्षं आईला भेटलेला नाही. आपल्यापैकी बहुतेकांना डिसेंबरात तिकीट महाग आहे एवढीच अडचण असते. त्या उतारावर मला हे पहिल्यांदा नीट समजलं. लॅबमध्ये दोन महिने आम्ही फक्त सेन्सरच्या वायरींबद्दल बोललो होतो.

मॅकॅफी नॉबला जाताना मात्र आमच्याकडून चूक झाली, आणि ती तुम्ही करू नये म्हणून सविस्तर लिहिते. ही जागा फोटोंत तुम्ही पाहिलेली असते: दरीवर पुढे आलेला खडकाचा सज्जा, खाली कटॉबाचं खोरं. उंची साधारण ९७५ मीटर, म्हणजे सिंहगडापेक्षा कमी. म्हणूनच मी हलक्यात घेतलं. जाऊन-येऊन तेरा किलोमीटर चालायचं असतं. आम्ही गेलो नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि त्याच पहाटे घड्याळं तासभर मागे गेली होती. फोनने वेळ आपोआप बदलली, आमच्या डोक्याने बदलली नाही. ऑगस्टमध्ये आलो तेव्हा आठ वाजता मावळणारा सूर्य आता सव्वापाचला मावळणार होता. निघालो दीड वाजता. वर फोटो काढण्यात पाऊण तास गेला. उतरायला लागलो तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि अर्ध्या वाटेतच अंधार पडला.

गळलेल्या पानांचा थर घोट्यापर्यंत असतो. त्याखाली दगड आहे की खड्डा, ते दिवसाही दिसत नाही, रात्री तर नाहीच. रूममेटचा पाय मुरगळला. सहा जणांत हेडलॅम्प एकच, तो सीनियरकडे. बाकीच्यांचे फोन पंधरा-वीस टक्क्यांवर. त्याने शांतपणे ठरवलं: तो पुढे, पट्ट्या शोधत. दर पट्टीपाशी सगळे जमायचे, मगच पुढची. मी आणि इराणी मित्र दोन्ही बाजूंनी तिला धरून. शेवटचे तीन किलोमीटर दोन तास लागले. पार्किंगचे दिवे दिसले तेव्हा कुणीच ओरडलं नाही, आम्ही नुसते गाडीला टेकून उभे राहिलो. आईला सकाळीच "रेंज नसेल, रात्री आठपर्यंत फोन करते" असं सांगून ठेवलं होतं, ते मात्र बरं केलं होतं. पण रूट आणि परतायची वेळ इथल्याच कुणाला तरी सांगून जायला हवी होती. साताऱ्यात बसून आई काय करू शकणार होती?

म्हणून आता माझ्या सॅकमध्ये स्वतःचा हेडलॅम्प असतो, ऑफलाइन नकाशा उतरवलेला फोन, दोन लिटर पाणी आणि एक जास्तीचा गरम थर. सुती कपडे नकोत. घामाने भिजले की वाळत नाहीत आणि माथ्यावरच्या वाऱ्यात अंग गार पडतं. मोजे पँटवर ओढा, घरी आल्यावर अंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड तपासा. इथल्या गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार होतो. चावल्यानंतर काही दिवसांत गोल लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर हेल्थ सेंटरला लगेच जा. तीन-तीन पानांची वेल फॉलमध्ये सुंदर लाल होते, ती पॉयझन आयव्ही. फोटोसाठी हात लावू नका, तिच्या तेलाने खाज सुटते आणि फोड येतात. काळं अस्वल दिसलं तर पळू नका, मोठ्याने बोलत मागे सरका. नोव्हेंबरात बंदुकीने होणाऱ्या हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम असतो, तेव्हा भडक केशरी टोपी किंवा जॅकेट घाला. आणि संत्र्याची साल, शेंगांची टरफलं हीसुद्धा पिशवीत घालून परत आणायची. आपल्या गडांवर आपण हे करत नाही, याची मला आता लाज वाटते.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाला, विद्यापीठात आठवडाभर वर्ग नसतात. अमेरिकन मुलं घरी जातात, बस कमी होतात, कॅम्पस ओस पडतो. पहिल्या वर्षी हा आठवडा फार एकटा जातो, म्हणून आधीच कुणाकडे तरी ठरवून ठेवा. आमचं ठरलं होतं. गुरुवारी दुपारी इराणी मित्राने भात केला, भांड्याच्या तळाशी कुरकुरीत खरपुडी धरलेला, तिला तो तहदीग म्हणतो. मी आमटी केली, आणि दोन्ही एकत्र छान लागलं. रूममेटचा पाय तोवर बरा झाला होता. शुक्रवारी सकाळी तिनेच विचारलं, कॅस्केड्सला जायचं का? वाट तीच, पण झाडी उघडी झाल्याने ऑगस्टमध्ये न दिसलेले कडे आता दोन्ही बाजूंना दिसत होते. धबधब्याच्या कडेने खडकांवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. थर्मासमधला चहा पाच जणांत कपाच्या झाकणातूनच फिरला. साडेतीनला सीनियरने घड्याळ पाहिलं आणि आम्ही उठलो.