कॅसेट लावायच्या आधी खिडकीतून बघा

गेल्या चार वर्षांत नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मी तीनेकशे व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्यात, तरी पहिली आठवली की अजून पोटात गोळा येतो. चिपळूणच्या मावशीच्या लग्नाची होती, १९८९ ची. लोखंडी कपाटात वर साड्या, खाली कॅसेटी, आणि कोकणातले तीसेक पावसाळे त्यांनी तिथेच काढलेले. मी काय केलं, तर आणली, व्हीसीआरमध्ये सारली आणि प्ले दाबलं. थोडा वेळ मुंग्या, मग मांडवाचं दार दिसलं, मग चर्र आवाज आणि चित्र गायब. आत हातभर टेप चुरगळली होती. व्हीएचएसची टेप सेकंदाला साधारण २.३ सेंटीमीटर सरकते, म्हणजे हातभर टेप म्हणजे वीसेक सेकंद, आणि मावशीच्या म्हणण्याप्रमाणे त्या वीस सेकंदांतच आजोबा दाराशी पाहुण्यांना हात जोडून उभे होते.

मावशी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तर ज्यांना घरच्या कॅसेटी स्वतः करायच्यात किंवा यात थोडंफार काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय. सगळे सुरुवातीला एकच विचारतात, सॉफ्टवेअर कुठलं? ते सगळ्यात शेवटी. जुनी टेप कधीकधी एकदाच नीट चालते, त्यामुळे त्या एका चालण्यात जे हातात आलं तेच तुमचं, नंतर कॉम्प्युटरवर कितीही बसा.

कॅसेट हातात आली की वरच्या पारदर्शक खिडकीतून टेपचा गुंडाळा उजेडात तिरका धरून बघायचा. काळा, गुळगुळीत, चकचकीत असला तर बरं. कडेवर पांढरट ठिपके किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, ती कॅसेट चांगल्या मशीनच्या जवळपाससुद्धा न्यायची नाही, कारण एका कॅसेटची बुरशी मशीनमधल्या टेप वाचणाऱ्या हेडवरून पुढच्या दहा कॅसेटींना लागते. मी अशी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस ठेवते. बुरशी कोरडी झाली की सहज निघते, ओली असताना पुसायला गेलं की नुसती फासली जाते. मग गच्चीवर, तोंडाला मास्क लावून (हे मजेत घेऊ नका, मला एकदा आठवडाभर खोकला होता) मागचे पाच स्क्रू काढायचे, आतल्या चकत्यांच्या कडा मऊ ब्रशने झाडायच्या. नंतर भंगारातून आणलेल्या एका व्हीसीआरमध्ये, जो फक्त याच कामाला ठेवलाय, टेप पूर्ण पुढे-मागे करायची आणि वाटेत तिला लिंट न सोडणारं कोरडं कापड हलकं टेकवून ठेवायचं. कापडावर जो राखाडी पट्टा उमटतो तो बघितला की कळतं आपण काय हेडवर घासणार होतो ते.

उघडलीच आहे तर मागच्या कडेचा तो प्लास्टिकचा छोटा तुकडा तोडलाय का तेही बघा. नसला तर आधी तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तरी वाचलात.

हेड साफ करायला कापसाची काडी वापरू नका, तंतू हेडच्या टोकात अडकतात आणि ते टोक तुटतं. शॅमॉय लेदरचा (मऊ चामड्याचा) तुकडा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला, म्हणजे ज्या फिरत्या नळकांड्यावर हेड बसवलेले असतात त्याला, नुसता टेकवून धरायचा आणि ड्रम वरून बोटाने हळू फिरवायचा. आडवा फिरवायचा, वर-खाली कधीच घासायचं नाही.

आता मशीन. व्हीएचएस आलं १९७६ साली, आणि शेवटपर्यंत व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाईनेसुद्धा २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं, त्यामुळे आता जे मिळेल ते जुनंच. मी दोन पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतले, एक एका काकूंनी असाच दिला, 'घेऊन जा गं, जागा अडवतोय' म्हणाल्या, आणि तोच सगळ्यात चांगला निघाला. घेताना स्वतःची एक टाकाऊ कॅसेट सोबत न्या, जागेवर लावून बघा, चित्राच्या वरच्या कडेला वाकडेपणा येतोय का बघा, आणि बाहेर काढून टेपच्या कडा चुरगळल्यात का ते तपासा.

मशीनमधून थेट स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर कार्डात, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या डबीत, वायर घातली की जे होतं ते मी तीन महिने भोगलं. टेप यांत्रिक वस्तू आहे, थोडी ताणली जाते, थोडी ढिली पडते, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ अगदी ठरल्या वेळी सुरू होत नाही. जुना डबा टीव्ही हे चालवून घ्यायचा, कॅप्चर कार्ड घेत नाही, ते गोंधळलं की सरळ फ्रेम टाकून देतं. फ्रेम गेल्या की चित्र आवाजाच्या पुढे पळतं. एका लग्नात शेवटी शेवटी 'सावधान' ऐकू यायच्या आधीच अंतरपाट खाली जात होता आणि मला वाटलं भटजींनीच घाई केली.

यावर इलाज म्हणजे या ओळी परत ठरल्या वेळेवर आणणारं यंत्र, टाइम बेस करेक्टर, टीबीसी. खरा महाग असतो आणि मिळत नाही. पण काही जुने डीव्हीडी रेकॉर्डर आतून हे काम बऱ्यापैकी करतात, पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यात डीव्हीडी घालायची नाही, रेकॉर्डही करायचं नाही, व्हीसीआरची पिवळी वायर आत आणि तिथून बाहेर कार्डाकडे, बस्स. पहिल्यांदा जोडला तेव्हा डुलणारे मांडवाचे खांब एकदम सरळ उभे राहिले, मी घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं, कुणाला काही फरक दिसला नाही.

आपल्याकडची टीव्ही-व्हिडिओची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या भागांची, म्हणजे खरं तर सेकंदाला ५० फील्ड. ७२० बाय ५७६ पिक्सेलमध्ये, इंटरलेस्ड (हे अर्धे भाग वेगवेगळे) आहे तसंच ठेवून, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ सारख्या लॉसलेस कोडेकमध्ये, म्हणजे चित्रातलं काहीही न गाळता साठवणाऱ्या पद्धतीत, घ्या. तासाला पंचवीस-तीस जीबी जातील, जाऊ देत. माझ्याकडे येणारे निम्मे लोक आधी कुठूनतरी डीव्हीडी करून आणतात, त्यात दोन फील्ड एकमेकांत कालवलेले असतात, हात हलला की दोन हात दिसतात, आणि तोवर मूळ कॅसेट फेकून दिलेली असते. बघायची वेगळी कॉपी नंतर क्यूटीजीएमसी या फील्डच्या पूर्ण फ्रेम करणाऱ्या फिल्टरने ५० फ्रेमची करा, हालचाल लोण्यासारखी होते. फील्डचा क्रम उलटा लागला तर माणसं जागच्या जागी थरथरतात, ते दिसलं की घाबरू नका, क्रम बदला. आणि ४:३ चं चित्र ताणून १६:९ करू नका, सगळ्या काकवा उगाच जाड होतात.

मिनीडीव्ही (कॅमकॉर्डरची छोटी कॅसेट) असेल तर यातलं काहीच नको, ते मुळातच डिजिटल, फायरवायर नावाच्या वायरने जसंच्या तसं उतरतं. अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी, म्हणजे तिकडच्या वेगळ्या पद्धतीची असते, तिला खरं एनटीएससी बाहेर देणारं मशीन लागतं.

दुरुस्तीबद्दल माझं मत थोडं कडू आहे. व्हीएचएसवर रंगाची माहिती मुळातच फार कमी, आणि कॉपीची कॉपी झाली की रंग उजवीकडे आणि खाली सरकतो. कपाळावरचं कुंकू भुवईत आलेलं दिसलं की समजायचं ही दुसरी-तिसरी प्रत आहे, आणि फिल्टर लावत बसण्यापेक्षा नातेवाइकांना फोन करायचे, पहिली कॉपी कुणाकडे आहे? एकदा मुलाकडच्यांची कॉपी आणली होती, मुलीकडे मास्टर निघाला, जमीन-अस्मानाचा फरक. बाकी मी रंग थोडा जागेवर आणते, हलका नॉइज काढते, खालच्या फाटक्या ओळी बघायच्या कॉपीत काळ्या करते आणि थांबते. एआयने मोठं करून बघितलं होतं एकदा, नथीचे मोती गालाला चिकटले आणि आजीला दुसऱ्याच कुणाचेतरी दात आले. गिऱ्हाईक खूश होतं, मीच ती फाइल दिली नाही.

पैशांचं म्हणाल तर तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात, त्यात शॉर्टकट नाही, तेव्हा दर ठरवताना स्वतःचा वेळ धरा. बुरशीवाल्या कॅसेटीचं आधीच स्पष्ट सांगा, काही आलं नाही तर मी पैसे घेत नाही. आणि लेबलवर विश्वास ठेवू नका. 'साखरपुडा' लिहिलेल्या कॅसेटीवर कुणीतरी टीव्हीवरची मॅच घेतलेली, खालचं पुसलेलं परत येत नाही, पण शेवटपर्यंत चालू ठेवली म्हणून मॅच संपल्यावर अकरा मिनिटं साखरपुड्याची पंगत सापडली.

मावशीने मागच्या महिन्यात दुसरी कॅसेट दिलीय, बारशाची. खिडकीतून बघितलं, कडेला पांढरं आहे. डब्यात ठेवलीय, आज नववा दिवस.