कोल्हापुरातून कॉम्प्लेक्सिटीचा पेपर पाठवताना

सगळ्यात आधी घड्याळाचं बोलते, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली. संशोधनाचे पेपर मागवणाऱ्या कॉन्फरन्सच्या निवेदनात शेवटच्या तारखेपुढे बरेचदा ‘एओई’ अशी तीन अक्षरं असतात. पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक असेल तोवर पेपर चालेल, असा त्याचा अर्थ. ही वेळ ग्रिनिचच्या बारा तास मागे चालते आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे तिथले रात्रीचे ११:५९ वाजतात तेव्हा राजारामपुरीत दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळचे ५:२९ झालेले असतात. मला हे माहीत नव्हतं. मी आपल्या मध्यरात्रीला शेवटची वेळ समजून धावत-पळत पेपर चढवला. साडेसतरा तास हातात होते आणि ते मी झोपून काढले. त्या तासांत काय सापडलं असतं, ते पुढे येईलच.

मी शिवाजी विद्यापीठातून गणितात एमएस्सी केलं, मग इथल्याच एका कॉलेजात शिकवायला लागले आणि नोकरी सांभाळून पीएचडीला नाव नोंदवलं. गाईड दुसऱ्या शहरात. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, बाकीचे सहा दिवस मी आणि वही. कोल्हापुरात या विषयावर बोलायला माणूस सहज मिळत नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण अशाच स्थितीत असतील असं धरून लिहिते आहे.

विषय थोडक्यात सांगते. एखादं गणित सोडवायला कमीत कमी किती श्रम लागतात, हे सिद्ध करणं म्हणजे कॉम्प्लेक्सिटी थिअरी. जलद रीत शोधणं हा वेगळा उद्योग. इथे ‘यापेक्षा जलद रीत असूच शकत नाही’ हे दाखवायचं असतं, आणि ते फार अवघड आहे. दहावीत आपण निश्चयक शिकतो. मोठ्या मॅट्रिक्सचा निश्चयक संगणक चटकन काढतो. त्याच सूत्रातली सगळी वजा चिन्हं अधिक केली की ‘परमनंट’ मिळतो. वीस ओळी, वीस स्तंभ घेतले तर दोन्ही सूत्रांत पदांची संख्या एकोणीस अंकी. निश्चयकाला पळवाट आहे, परमनंटला ती आजवर कुणाला सापडलेली नाही. १९७९ मध्ये व्हॅलिअंट यांनी परमनंट का अवघड असावा याचं भक्कम कारण दिलं, तरी तो अवघडच आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही. माझं काम या परिसरातलं: एखादी बहुपदी फक्त बेरजा-गुणाकारांनी काढायची तर निदान किती बेरजा-गुणाकार लागतील? २०२१ मध्ये नूतन लिमये, श्रीकांत श्रीनिवासन आणि सेबॅस्टियन ताव्हेना यांनी याच प्रश्नाच्या एका जुन्या, अडलेल्या भागाला वाट करून दिली आणि फॉक्स या सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या नावाजलेल्या कॉन्फरन्समध्ये सर्वोत्तम पेपरचा मान मिळवला. तो पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे तिचा फार घोळ आहे. कॉलेजात ‘कॉन्फरन्स पेपर’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दोन-तीन हजार रुपये भरून, चार दिवसांत ‘स्वीकारला’ असा ईमेल येणारा प्रकार उभा राहतो. संगणकशास्त्राच्या सैद्धांतिक शाखेत कॉन्फरन्सचा अर्थ निराळा आहे. गणितात जर्नलला जे स्थान, ते इथे बऱ्याच अंशी कॉन्फरन्सला. पेपर पाठवायला पैसे लागत नाहीत, तीन-चार जाणकार तो वाचतात आणि बहुतेक पेपर परत येतात. कॉम्प्युटेशनल कॉम्प्लेक्सिटी कॉन्फरन्स म्हणजे सीसीसी वर्षाला तीस-चाळीसच्या आसपास पेपर घेते. ही कॉन्फरन्स १९८६ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली, १९९६ पासून आजचं नाव आलं, आणि २०१५ पासून ती कुठल्याही मोठ्या संस्थेच्या छत्राखाली न राहता अभ्यासकांनी स्वतःच चालवलेली आहे. तेव्हापासून तिचे पेपर लिपिक्स या मालिकेत येतात, जी कुणालाही फुकट वाचता येते. महागड्या जर्नलांची वर्गणी परवडत नाही अशा कॉलेजात बसून मी ही सगळी वर्षं वाचून काढू शकले, ती या निर्णयामुळे. ज्यांनी तो घेतला त्यांची मी मनापासून ऋणी आहे.

पण पहिलाच पेपर सीसीसीला पाठवायचा हट्ट धरू नका. आपल्या देशात एफएसटीटीसीएस ही सैद्धांतिक संगणकशास्त्राची कॉन्फरन्स १९८१ पासून दर डिसेंबरला भरते, पेपर साधारण जुलैत मागवते आणि दर्जाला चोख आहे. तिथे नुसतं ऐकायला गेलात तरी चालेल. ज्यांची नावं पेपरांवर वाचतो ती माणसं चहाच्या रांगेत भेटतात आणि नवख्याचा प्रश्न नीट ऐकून घेतात.

माझा पहिला पेपर परत आला. तीन परीक्षणं होती. एकाने लिहिलं होतं की निकाल बरा आहे, पण नवीन कल्पना कोणती ते कळत नाही. ती कल्पना एकोणिसाव्या पानावर होती. दुसऱ्याने एक भोक दाखवलं. आमची पद्धत अवकलनावर (डिफरन्शिएशनवर) उभी होती. क्षच्या पाचव्या घाताचं अवकलन केलं की क्षच्या चौथ्या घाताची पाचपट येते. पण ज्या फील्डमध्ये, म्हणजे बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार चालणाऱ्या संचात, पाचच घटक आहेत, जिथे पाच म्हणजेच शून्य, तिथे हे अवकलन शून्य होतं आणि पद्धत कोलमडते. प्रमेयात आम्ही ‘कोणत्याही फील्डवर’ असं लिहून बसलो होतो. वहीत मात्र पहिल्याच ओळीत मी ‘कॅरॅक्टरिस्टिक शून्य’ (एकात एक कितीही वेळा मिळवला तरी शून्य येत नाही) अशी अट लिहिलेली होती. मध्यरात्रीच्या घाईत टाइप करताना ती गळली. निकाल खरा होता, फक्त त्याच्यावरची अट नाहीशी झाली होती. परीक्षकाने ते सभ्य शब्दांत लिहिलं, पण एकदा असं दिसलं की उरलेल्या पानांवरचा त्याचा विश्वास उडतो, आणि तो उडायलाच हवा.

माझे गाईड सर फोनवर एवढंच म्हणाले, “निकालाला धक्का नाही. मांडणी मोडून परत बांध.”

ती कशी बांधली ते सविस्तर सांगते, कारण उपयोगाचं जे काही मला कळलं ते त्या चार महिन्यांत. आमच्या कॉलेजात गणिताच्या एक ज्येष्ठ मॅडम आहेत. त्यांचा विषय टोपॉलॉजी, कॉम्प्लेक्सिटीशी संबंध नाही. मी त्यांना विचारलं, दर शनिवारी दुपारी रिकाम्या वर्गात तासभर ऐकाल का? त्या हो म्हणाल्या. पहिल्या शनिवारी मी व्याख्या लिहून थेट पहिल्या लेमाला, म्हणजे प्रमेयासाठी लागणाऱ्या सहायक विधानाला, हात घातला. दहा मिनिटांत त्यांनी थांबवलं. “हे बरोबर असंल. पण कशाला केलंस ते आधी सांग की गं.” मला सांगता येईना. सिद्धता मला पायरी-पायरीने पाठ होती, आणि तरी जुनी पद्धत नेमकी कुठे अडते, आमची युक्ती तिथून कशी सुटते, हे दोन वाक्यांत माझ्याकडे नव्हतं.

पुढचे तीन शनिवार तेवढ्याच प्रश्नावर गेले. शेवटी उत्तर सापडलं ते तीन चलांच्या एका लहानशा बहुपदीत. तिच्यावर जुनी पद्धत लावली की काय वाया जातं, ते फळ्यावर चार ओळींत दिसत होतं. ते उदाहरण दुसऱ्या पानावर गेलं आणि त्याच्या आधाराने ‘सिद्धतेची कल्पना’ हा भाग उभा राहिला. नवीन मांडणीत पहिल्या पानावर प्रमेय, सगळ्या अटींसकट. मग आधी काय माहीत होतं आणि आपलं त्याहून नेमकं किती पुढे आहे. मग ते उदाहरण. तांत्रिक लेमा पार मागे. परीक्षण करणाऱ्या समितीत मोजकी माणसं असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पेपरांचा गठ्ठा. मागची पानं वाचायची की नाही हे ते पुढची पानं वाचून ठरवतात, निवेदनातही बरेचदा तसं लिहिलेलं असतं. यात मला काही गैर वाटत नाही. तुमचा पेपर वाचायला त्यांनी स्वतःच्या संशोधनाचा वेळ दिलेला असतो.

तुमच्या गावात तालीम असेल तशी एखादी जाणती, निर्भीड व्यक्ती असेलच. विषय वेगळा असला तरी चालेल, नव्हे, वेगळाच बरा. तिच्यासमोर फळ्यावर उभे राहा.

बाकीच्या व्यवहाराच्या गोष्टी भराभर सांगते. पेपर लेटेक या गणिती मजकूर जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्येच लिहायचा. किती पानं, कोणता साचा, लेखकांची नावं झाकायची की नाही, हे दरवर्षीचं निवेदन वाचूनच ठरवा. गेल्या वर्षीच्या नियमावर विसंबू नका. नावं झाकायची असतील तर ‘आमच्या आधीच्या पेपरात आम्ही दाखवलं’ अशी वाक्यंही बदलावी लागतात. पेपर दोन दिवस आधी चढवून ठेवा. मुदत संपेपर्यंत नवी प्रत चढवता येते आणि वीज गेली तरी जुनी तिथे असतेच. चढवलेली पीडीएफ परत उतरवून शेवटच्या पानापर्यंत बघा. एकच पेपर एका वेळी दोन कॉन्फरन्सना पाठवायचा नाही, हा नियम कडक आहे. मात्र आर्काइव्ह किंवा ईसीसीसी या पेपर सगळ्यांना वाचायला ठेवायच्या वेबसाइटवर आधी ठेवायला सहसा हरकत नसते. ईसीसीसी १९९४ पासून फक्त याच विषयासाठी चालू आहे, आणि तिथे पेपर आला की जगभरचे या विषयातले लोक तो बघतात. गावाचं नाव कुणी विचारत नाही.

लेखकांच्या क्रमाबद्दल एक अडचण येते, तिची तयारी ठेवा. या शाखेत नावं आडनावाच्या इंग्रजी वर्णानुक्रमाने लावतात. माझं आडनाव शेवटाकडचं, त्यामुळे मुख्य काम माझं असूनही नाव शेवटी. कॉलेजच्या फॉर्ममध्ये ‘प्रथम लेखक आहात का’ असा रकाना होता आणि तिथे ‘नाही’ लिहिताना मला खरोखर वाईट वाटलं. सरांनी शाखेची पद्धत समजावणारं पत्र दिलं, ते मी दरवेळी जोडते. फॉर्मला जर्नलच हवं असेल तर कॉन्फरन्सनंतर पूर्ण सिद्धतेसह जर्नलला पाठवा. ‘थिअरी ऑफ कम्प्युटिंग’ हे चांगलं जर्नल लेखकांकडून किंवा वाचकांकडून पैसे घेत नाही.

पेपर स्वीकारला गेला तर खर्च सुरू होतो: नोंदणी, प्रवास, व्हिसा. पासपोर्ट आधीच काढून ठेवा. विद्यार्थ्यांना एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संस्था मिळून प्रवास अनुदान देतात, अनेक कॉन्फरन्सही थोडी मदत करतात. विचारायला संकोच करू नका.

दुसऱ्या खेपेला आमचा पेपर घेतला गेला. ईमेल आला तेव्हा मी रंकाळ्यावर फिरायला गेले होते. तिथूनच सरांना फोन लावला आणि मग मॅडमना. मॅडमनी विचारलं, “ती अट लिहिलीस नव्हं?” लिहिली होती, पहिल्या पानावर, प्रमेयाच्या पहिल्या ओळीत.

यंदा माझा एक एमएस्सीचा विद्यार्थी शनिवारी फळ्यावर उभा राहतो. गेल्या आठवड्यात तिसऱ्या लेमापाशी मॅडमनी त्यालाही ‘कशाला’ म्हणून विचारलं आणि तो खडू हातात धरून बराच वेळ तसाच उभा होता. मुदतीला सहा आठवडे आहेत. त्याच्या फोनमध्ये आम्ही ५:२९ चा गजर लावून ठेवलाय.