मोठ्या फोटो फायलींसाठी डेस्कटॉपला कोणता ड्राइव्ह घ्यावा? खान्देशच्या उन्हाळ्याचा हिशोब धरून

आखाजीच्या आगेमागे खान्देशात लग्नांची रांग लागते आणि नेमका तेव्हाच भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. म्हणजे फोटो स्टुडिओतला किंवा फ्लेक्सच्या दुकानातला डेस्कटॉप वर्षातले सगळ्यांत जड काम वर्षातल्या सगळ्यांत गरम दिवसांत करतो. ड्राइव्हच्या खोक्यावर छापलेला '७,००० एमबी प्रति सेकंद' हा आकडा मात्र थंड, रिकाम्या ड्राइव्हचा आणि पहिल्या काही सेकंदांचा असतो. आपल्याला हवा तो असा ड्राइव्ह, जो निम्मा भरलेला आणि तापलेला असतानाही सलग ५०-१०० जीबी लिहिताना दम सोडत नाही. खालची सगळी निवड याच एका कसोटीवर केली आहे.

आधी स्वतःची फाइल मोजा

दुकानात जाण्याआधी कागद-पेन घ्या. २० × १० फुटांचा फ्लेक्स १०० डीपीआयने (इंचामागे १०० ठिपक्यांनी) केला तर २४,००० × १२,००० पिक्सेल होतात, म्हणजे २८.८ कोटी पिक्सेल. सीएमवायके (छपाईचे चार रंग) आठ बिटमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, म्हणून पूर्ण भरलेला एकच लेअर सुमारे १.१५ जीबीचा. तोच फ्लेक्स ७२ डीपीआयला आणला की लेअर ६०० एमबीवर येतो. दुरून पाहायच्या बॅनरला ७२ पुरते, त्यामुळे कित्येकदा नवा ड्राइव्ह घेण्यापेक्षा हा फुकटचा उपाय जास्त वेग देतो. १२ × ३६ इंचांचा अल्बमचा पसारा ३०० डीपीआयला ३,६०० × १०,८०० पिक्सेलचा होतो. आठ बिट आरजीबीत लेअरमागे साधारण ११७ एमबी. सोळा बिटमध्ये काम करत असाल तर हे सगळे आकडे दुप्पट धरा. तोरणमाळच्या तलावाचा २०-२५ फोटो जोडून केलेला पॅनोरामाही याच वजनी गटात येतो.

फोटोशॉप हिस्टरीसाठी बदललेला भाग साठवून ठेवते. पूर्ण कॅनव्हासवर एक ब्लर मारला की त्या फ्लेक्समागे आणखी सव्वा जीबीच्या आसपास जागा गेली. असे २० टप्पे झाले की २३ जीबी. रॅम १६ जीबी असेल तर विंडोज वगैरे वजा जाता फोटोशॉपच्या वाट्याला साधारण १० जीबी येते. उरलेले सगळे स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे रॅम अपुरी पडली की फोटोशॉप ड्राइव्हवरची जी जागा तात्पुरती वापरते तिथे, उतरते आणि तिथेच माऊसवर वाळूचे घड्याळ फिरू लागते.

हे तपासायला फोटोशॉपच्या खालच्या पट्टीतल्या बाणावर क्लिक करून 'एफिशियन्सी' निवडा आणि नेहमीची सगळ्यांत जड फाइल तासभर चालवा. आकडा १०० टक्क्यांवरच राहिला तर स्क्रॅचचा वापर होत नाहीये. तुमचा त्रास प्रोसेसरचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा आहे. सतत ९० च्या खाली जात असेल तर आधी रॅम ३२ जीबी करा, ड्राइव्ह नंतर. कितीही वेगवान एसएसडी असली तरी ती रॅमच्या मानाने बैलगाडीच.

बोर्ड काय पेलतो?

दिसायला सारख्याच असलेल्या एम-डॉट-टू (थेट मदरबोर्डाच्या खाचेत बसणाऱ्या) ड्राइव्हमध्ये दोन जाती आहेत. साटा (हार्ड डिस्कचीच जुनी जोडणी) जात ५५० एमबीच्या पुढे जात नाही. एनव्हीएमई जात पीसीआयई या वेगवान जोडणीच्या पिढी ३ वर साधारण ३,५००, ४ वर ७,००० आणि ५ वर १२,००० एमबीच्या पुढे जाते. मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक खाचेपुढे यातले काय चालते ते लिहिलेले असते. ते पान न वाचता ड्राइव्ह घेणाऱ्यांची फसगत ठरलेली. नेहमी नडणाऱ्या गोष्टी अशा:

- एएमडीचा रायझन ५६००जी प्रोसेसर पीसीआयई ३ पर्यंतच जातो. बोर्ड बी५५० असला तरी चौथ्या पिढीचा ड्राइव्ह तिथे ३,५०० एमबीलाच अडतो.
- इंटेलच्या ५०० मालिकेच्या बोर्डावर दहाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर प्रोसेसरला थेट जोडलेली पहिली एम-डॉट-टू खाच चालतच नाही. ड्राइव्ह दिसत नाही म्हणून तो खराब ठरवून परत करू नका, दुसऱ्या खाचेत बसवून बघा.
- बऱ्याच बोर्डांवर दुसरी एम-डॉट-टू खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. 'कालपर्यंत दिसणारी हार्ड डिस्क गेली' या तक्रारीमागे अनेकदा हेच असते.

इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आसपासचा जुना संगणक असेल तर साध्या पीसीआयई अडॅप्टर कार्डावर एनव्हीएमई बसवता येतो. त्यावरून विंडोज सुरू होईलच असे नाही, पण स्क्रॅचला तो चालतो.

कामाची वाटणी

एकच मोठा ड्राइव्ह घेऊन त्याचे सी, डी, ई असे तुकडे पाडण्याची आपल्याकडे फार सवय आहे. तुकडे पाडल्याने वेग वाढत नाही. रस्ता एकच राहतो, फक्त त्यावर तीन पाट्या लागतात. खरोखर वेगळे ड्राइव्ह घ्या.

पहिला, ५०० जीबी ते १ टीबी एनव्हीएमई: विंडोज, फोटोशॉप, लाइटरूम आणि लाइटरूमचा कॅटलॉग. दुसरा, १ टीबी एनव्हीएमई: स्क्रॅच, कॅमेरा रॉ कॅशे आणि सध्या चालू असलेल्या कामाच्या फायली. फ्लेक्स मशीनच्या रिप सॉफ्टवेअरचे (फाइल छपाईच्या ठिपक्यांत बदलणारे) तात्पुरते फोल्डर बदलता येत असेल तर तेही इकडेच. तिसरी, ४ टीबी किंवा त्याहून मोठी ७,२०० आरपीएमची हार्ड डिस्क: ग्राहकाला दिलेली जुनी कामे. तिची बाहेर एक प्रत वेगळी.

पैसे दोनच ड्राइव्हचे असतील तर पहिला आणि दुसरा एकत्र करा, पण १ टीबीऐवजी २ टीबी घ्या. दोन एसएसडी एकाच ड्राइव्हसारख्या जोडून रेड शून्य करण्याच्या भानगडीत पडू नका. एक गेली की दोन्हींवरचे काम जाते आणि फोटोशॉपला त्या मानाने फारसे मिळत नाही.

ड्राइव्ह निवडताना

इथे वेळ घालवा, कारण चूक इथेच होते. स्वस्त एनव्हीएमईमध्ये बहुधा क्यूएलसी फ्लॅश असते, म्हणजे एका पेशीत चार बिट. अशी पेशी लिहायला संथ असते. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या जागेतल्या पेशी तात्पुरत्या एकेक बिटाने वापरतो. याला एसएलसी कॅशे म्हणतात. चार बिटांच्या जागी एकच बिट लिहिल्यामुळे ही कॅशे रिकाम्या जागेच्या जास्तीत जास्त पाव भागाएवढी होऊ शकते. १ टीबीचा नवा ड्राइव्ह २०० जीबीपर्यंत सुसाट धावेल. तोच ८० टक्के भरला की कॅशे ५० जीबीच्याही आत येते. ती संपली की वेग १००-२०० एमबीवर कोसळतो, म्हणजे हार्ड डिस्कच्या पंगतीला. दुकानदार नवा ड्राइव्ह जोडून चाचणी दाखवतो तेव्हा हे कधीच दिसत नाही. दिसते ते तीन महिन्यांनी, ड्राइव्ह भरल्यावर.

टीएलसी फ्लॅश, म्हणजे पेशीत तीन बिट, ही फोटोच्या कामाची किमान पायरी समजा. कॅशे संपल्यावरही चांगला टीएलसी ड्राइव्ह एक-दीड हजार एमबीने लिहीत राहतो. सोबत ड्राइव्हची स्वतःची डीरॅम (कुठे काय लिहिले याची यादी ठेवणारी वेगवान मेमरी) असावी. ती नसलेले ड्राइव्ह संगणकाच्या रॅमचा छोटा तुकडा उसना घेतात. कॅटलॉगच्या ड्राइव्हला ते चालून जाते, पण तासन्तास झोडपल्या जाणाऱ्या स्क्रॅचला नको. सॅमसंग ९९० प्रो, डब्ल्यूडी ब्लॅक एसएन८५०एक्स आणि क्रुशल टी५०० हे चौथ्या पिढीचे तिन्ही ड्राइव्ह टीएलसी आणि डीरॅमवाले आहेत.

टिकाऊपणा टीबीडब्ल्यू या आकड्यात मोजतात: वॉरंटीत एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. चांगल्या १ टीबी टीएलसीला ६०० असतो, स्वस्त क्यूएलसीला २२०च्या आसपास. स्क्रॅचवर रोज १०० जीबी लिहिले तर वर्षाला ३६.५ टीबी होतात. म्हणजे पहिला १६ वर्षे पुरेल आणि दुसराही ६ वर्षे. झिजेची भीती दाखवून कुणी महागडा सर्व्हर ड्राइव्ह गळ्यात मारत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवा.

पाचव्या पिढीचा ड्राइव्ह? घेऊ नका. पीएसडी सेव्ह करताना फोटोशॉप फाइल दाबून लहान करते आणि तेव्हा प्रोसेसरचा एकच कोअर घाम गाळत असतो, ड्राइव्ह नुसता वाट पाहतो. शिवाय तो चौथ्या पिढीपेक्षा जास्त तापतो, आणि तापण्यासाठी आपल्याकडे सूर्य पुरेसा आहे.

हार्ड डिस्क घेताना 'सीएमआर' लिहिलेली मागा. एसएमआर प्रकारात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे मोठा बॅकअप अर्ध्यात रांगू लागतो.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये घ्या, धुळ्यात घ्या किंवा ऑनलाइन मागवा. पक्के बिल आणि त्यावर सिरीयल नंबर हवाच. बाजारभावाच्या निम्म्यात मिळणारा '२ टीबी' ड्राइव्ह बहुधा ६४ किंवा १२८ जीबीचा असून फर्मवेअरने फुगवलेला असतो. एच२टेस्टडब्ल्यूसारख्या साधनाने तो पूर्ण भरून परत वाचून पाहिला की पितळ उघडे पडते.

ऊन, धूळ आणि लाइट

घरगुती एनव्हीएमई बहुतेक ० ते ७० अंशांसाठी बनतात आणि त्याच्या आगेमागे स्वतःहून वेग कमी करतात. एसी असलेल्या २५ अंशांच्या खोलीत ५५ अंशांवर राहणारा ड्राइव्ह ४२ अंशांच्या दुकानात सहज सत्तरी गाठतो. म्हणून हीटसिंक इथे ऐच्छिक नाही. बोर्डासोबत आलेली पट्टी वापरा आणि तिच्या खालच्या थर्मल पॅडवरची पातळ प्लॅस्टिक फिल्म सोला. ती तशीच ठेवून बसवलेले ड्राइव्ह दर उन्हाळ्यात सापडतात. स्क्रॅचचा ड्राइव्ह शक्यतो ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खालच्या खाचेत नको, तिथे कार्डाची सगळी धग अंगावर येते. कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारा एक आणि मागून बाहेर टाकणारा एक असे निदान दोन पंखे असू द्या.

कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. ओल जाते, आणि जड पाण्यातला क्षार धुळीत मिसळून पंख्याच्या पात्यांवर बसतो. जिनिंगजवळ दुकान असेल तर कापसाच्या हंगामात पुढची जाळी आठवड्याला झटका.

लाइटचे म्हणाल तर दीपनगरचे वीजकेंद्र शेजारी असले तरी दुपारी झटका बसायचा तो बसतोच. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेले पूर्ण करणारे कपॅसिटर नसतात. ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपला १ केव्हीएचा यूपीएस ठेवा. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्याचे बटण 'यूपीएस' मोडवर हवे, नाहीतर बदलाच्या क्षणात संगणक बंद पडतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या पॉलिसीज पानावर बफर फ्लशिंग बंद करण्याची दुसरी चौकट असते. वेगाच्या लोभाने तिच्यावर टिक करू नका.

आणखी एक: जुनी लग्ने एसएसडीत भरून कपाटात ठेवणे धोक्याचे. जेडेक या चिप उद्योगाच्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडी पूर्ण झिजल्यावर, वीज न मिळता, ३० अंशांवर १ वर्ष माहिती धरेल एवढीच अट आहे. पत्र्याखालच्या खोलीतले मे महिन्याचे कपाट ३० अंशांचे नसते. संग्रहाला हार्ड डिस्कच बरी.

बसवणे आणि सेटिंग

प्लग काढा, पॉवर बटण ५ सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. ड्राइव्ह साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात खाचेत सरकवा, आडवा दाबा, स्क्रू लावा. स्क्रू बोर्डाच्या खोक्यातल्या छोट्या पुडीत असतो आणि ती पुडी बहुधा खोक्याबरोबरच फेकलेली असते; म्हणून ड्राइव्ह घेतानाच दुकानदाराकडून एक मागून ठेवा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ड्राइव्ह जीपीटी करा (एमबीआर ही जुनी पद्धत २ टीबीच्या पुढे पाहत नाही) आणि एनटीएफएसने फॉरमॅट करा. मग एडिट, प्रेफरन्सेस, स्क्रॅच डिस्क्स या पानावर नवा ड्राइव्ह सगळ्यांत वर आणा, सी वरची टिक काढा आणि फोटोशॉप पुन्हा सुरू करा. 'स्क्रॅच डिस्क फुल' म्हणून फोटोशॉप उघडतच नसेल तर सुरू होताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरा, तिथेच ड्राइव्ह बदलता येतो. शिफ्ट सोबत दाबू नका, नाहीतर ते सगळी सेटिंग पुसायची का असे विचारते.

२ जीबीच्या पुढची फाइल पीएसडीत बसत नाही, पीएसबीत सेव्ह करा. जागा भरपूर असेल तर फाइल हँडलिंगमध्ये पीएसडी-पीएसबीचे कॉम्प्रेशन बंद करा; फाइल फुगते, पण सेव्ह लक्षणीय लवकर होते. इथे मात्र वेगवान ड्राइव्हचे पैसे वसूल होतात.

कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करायला लागणारा वेळ मात्र नव्या ड्राइव्हने कमी होणार नाही. यूएचएस-१ कार्ड ९० एमबीच्या आसपासच देते, त्यामुळे १५० जीबीच्या रॉ फायलींना २८ मिनिटे लागतातच. रीडर जुन्या यूएसबी २ चा असेल तर त्याच्या दुपटीहूनही जास्त.

बसवल्यावर तपासणी

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'ट्रान्सफर मोड' पाहा. दोन नोंदी असतात: सध्याची आणि ड्राइव्हची कमाल. सध्याची कमी असेल तर खाच किंवा प्रोसेसर अडवतो आहे. मग भर दुपारी, खोली नेहमीइतकी तापलेली असताना, एका एनव्हीएमईवरून दुसऱ्यावर १०० जीबीच्या रॉ फायली कॉपी करा आणि तापमान व वेग दोन्ही बघत राहा. वेग सुरुवातीलाच एकदा उतरून स्थिरावला तर कॅशे संपली, ते चालेल. तापमान सत्तरीकडे जाताना वेग वर-खाली उड्या मारू लागला तर ड्राइव्ह तापतो आहे: हीटसिंक घट्ट बसलाय का, फिल्म राहिलीय का, पुढचा पंखा फिरतोय का, या क्रमाने बघा. पुढे स्क्रॅच ड्राइव्हची २० टक्के जागा कायम रिकामी ठेवा, आणि संगणक अचानक बंद पडला असेल तर पुढच्या वेळी फोटोशॉप उघडण्याआधी त्या ड्राइव्हवर 'फोटोशॉप टेम्प' नावाच्या मोठ्या फायली पडून राहिल्या असतील त्या पुसून टाका.